साकेची चव आणि मियामिझू
साके म्हणजे तांदूळ आंबवून केलेली जपानी दारू. तिची चव तांदूळ किती घासलाय (दाण्याचा बाहेरचा थर किती काढलाय) यावरच ठरते, असं म्हटलं जातं. तांदूळ महत्त्वाचा आहेच, पण बाटलीत सुमारे ८०% पाणी असतं, ते कसं विसरायचं?

जपानमधल्या नादा या साकेसाठी प्रसिद्ध भागातल्या यामामुरा ताझाएमोन यांचे साकेचे दोन कारखाने होते, एक निशिनोमियाला आणि दुसरा उओझाकीला. निशिनोमियाची साके कायम सरस उतरायची. १८४० च्या सुमारास त्यांनी तिथल्या विहिरीचं पाणी उओझाकीला नेऊन पाहिलं, आणि तिथलीही साके सुधारली! तेच हे प्रसिद्ध 'मियामिझू'. जपानच्या मानानं जड, म्हणजे जास्त क्षार असलेलं पाणी. त्यातल्या पोटॅशियम-फॉस्फरसमुळे यीस्ट जोमानं वाढतं. लोह मात्र जवळजवळ नाहीच, आणि ते फार मोलाचं, कारण लोहानं साके काळवंडते, वासही बिघडतो.

क्योतोतल्या फुशिमीचं पाणी त्याहून मृदू, म्हणून साकेही मऊ.

मला सर्वात आदर वाटतो तो हिरोशिमाचे साके बनवणारे मिउरा सेन्झाबुरो यांचा. तिथल्या मृदू पाण्यात आंबवण मधेच थंडावायचं. त्यांनी कोजी (तांदळातल्या स्टार्चची साखर करणारी बुरशी) तांदळाच्या दाण्यात खोलवर मुरवली, आंबवण कमी तापमानावर सावकाश चालवलं आणि ही पद्धत १८९८ मध्ये छापून सगळ्यांना खुली केली. पुढच्या गिंजो साकेचा (जास्त घासलेल्या तांदळाच्या, सुवासिक साकेचा) पाया तिथेच आहे.