मदत हवी आहे: आर्किटेक्चरसाठी लॅपटॉप, ग्राफिक्स कार्ड ४०५० घ्यावं की ४०६०?

नमस्कार मंडळी. मुलगी आर्किटेक्चरच्या दुसऱ्या वर्षाला आहे, रेव्हिट (इमारतीचं मॉडेल बनवायचं सॉफ्टवेअर) आणि लुमियन (त्या मॉडेलची खरी वाटणारी चित्रं बनवायचं, म्हणजे रेंडरचं) दोन्ही लागतं. परवा रात्री जुन्या लॅपटॉपवर रेंडर लावलं. कीबोर्डला हात लाववेना, पहाटे मशीन आपोआप बंद. पोरगी रडकुंडीला आली.

सीताबर्डीत दोन पाहिले. रायझन ७ प्रोसेसरसोबत आरटीएक्स ४०५०, ग्राफिक्सची मेमरी ६ जीबी. आणि आय७ सोबत ४०६०, ८ जीबी, १५ हजारांनी महाग. रेव्हिटचा भार प्रोसेसरवर, लुमियनचा ग्राफिक्सवर, एवढं कळलं. पण तेच ४०६० कुठे ३५ वॅटचं, कुठे ११५ वॅटचं (वॅट कमी तर वेगही कमी), आणि दुकानात वॅट कोणी सांगत नाही. ग्राफिक्सची मेमरी नंतर वाढत नाही, म्हणून माझा कल ८ जीबीकडे.

मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ गाठतो. अशा उन्हाळ्यात, कूलरच्या दमट हवेत यातलं कोणी वापरलंय का? रविवारी घ्यायचाच आहे.