‘त्यात काय सांगायचं?’ : घरातल्या फौजी माणसांच्या आठवणी तुम्ही कशा जपल्या?

माझे आजोबा दुसऱ्या महायुद्धात मराठा पलटणीतून इटलीत लढले. काही विचारलं की उत्तर ठरलेलं, "त्यात काय सांगायचं? गेलो, लढलो, आलो." कॉलेजात असताना मी यशवंत घाडगे आणि नामदेव जाधव यांच्याबद्दल वाचलं. दोघेही मराठा लाइट इन्फन्ट्रीचे आणि दोघांनाही इटलीतल्या लढाईसाठीच व्हिक्टोरिया क्रॉस. घाडग्यांना १९४४ मध्ये मरणोत्तर, जाधवांना १९४५ मध्ये सेनिओ नदीवरच्या कामगिरीसाठी. मोठ्या उत्साहाने विचारलं, "तुम्ही पाहिलं होतं का यांना?" "लई माणसं होती तिथं." विषय संपला.

शेवटच्या महिन्यात ते सारखे "पाने, पाने" म्हणायचे. आजीला वाटलं, विड्याची. दात नव्हते, म्हणून ती खलबत्त्यात विडा कुटून द्यायची आणि ते तोंड फिरवायचे. ते गेल्यावर बारा वर्षांनी कामानिमित्त मिलानला गेलो, तर एका बेकरीच्या काचेवर तोच शब्द. पाने. इटालियनमध्ये पाव.

महिनाभर आम्ही त्यांना विडे भरवत होतो.

तुमच्या घरी कोणी लढून आलं असेल, किंवा युद्धाच्या तडाख्यात सापडून वाचलं असेल, तर तुम्ही त्यांना बोलतं कसं केलंत? काय हाती लागलं, काय निसटलं? छोटं, मोठं, अर्धवट, कसंही सांगा.

*

सून, सातारा जिल्हा

सासरे १९७१ च्या युद्धात जंगी पलटणीत, म्हणजे मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या पहिल्या बटालियनमध्ये. आताच्या बांगलादेशातल्या जमालपूरला होते. दोन वर्षांपूर्वी आमच्या भाऊजींनी मोठा घाट घातला. ट्रायपॉड, कॉलरला माइक, मागे महाराजांची तसबीर. आबांनी मेडलं लावली, टोपी चढवली आणि वीस मिनिटं २६ जानेवारीचं भाषण ठोकलं. देश, शिस्त, आजची तरुण पिढी. जमालपूर एका वाक्यात आटोपलं.

पुढे एकदा आम्ही दोघं पडवीत पावटे सोलत बसलो होतो. मी सहज विचारलं, "आबा, तिकडं खायला काय असायचं?" आणि दीड तास बोलले! खिशातले शक्करपाळे, ओल्या बुटांत फुगलेले पाय, गावातल्या म्हाताऱ्याने दाखवलेली वाट, १० डिसेंबरच्या रात्री वेढा फोडायला शत्रू बाहेर पडला तेव्हा अंधारात आधी ऐकू आलेली कुजबुज. हात सगळा वेळ पावट्यात. मला वाटतं, नजरेला नजर द्यावी लागत नव्हती म्हणूनच बोलले. मोबाइल सुपाशेजारी चालू होता. आधी विचारून ठेवला होता, चोरून नाही.

जमालपूरचा एक किस्सा सगळीकडे छापलेला आहे. आपल्या बाजूच्या ब्रिगेडिअर क्लेर यांनी शरण या म्हणून पत्र पाठवलं आणि पाकिस्तानी कर्नलने उत्तरासोबत बंदुकीची गोळी गुंडाळून पाठवली. तो खरा का, असं विचारलं तर आबा म्हणाले, "ते साहेब लोकांचं चालायचं. आम्हाला सुट्टीवर आल्यावर पेपरात कळलं."

ढाक्याची शरणागती ते १४ तारखेला झाली म्हणतात. भाऊजींचं म्हणणं, लिहून काढताना १६ करून टाकू. मी त्यांचं १४ तसंच ठेवलं आणि खाली वेगळ्या शाईने १६ डिसेंबर लिहिलं. तारीख कुठल्याही पुस्तकात मिळेल. शक्करपाळे मिळणार नाहीत.

*

पणतू

आमच्याकडे सांगण्यासारखं फार नाही. पणजोबा पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियाला गेले होते. चांदीचं मेडल मिळालं होतं, ज्याच्या कडेवर नंबर, हुद्दा, नाव, पलटण असं सगळं कोरलेलं असतं ते. दुष्काळी वर्षात पणजीने ते सोनाराकडे मोडलं आणि माझ्या आजोबांच्या पायात वाळे घातले. पुढे वाळेही मोडले. आता ना नंबर माहीत, ना पलटण, त्यामुळे शोधणार कुठून? पणजीला मात्र बोल लावू शकत नाही.

*

नातू, मुंबई

युद्ध फक्त सैनिकांचंच नव्हे, म्हणून आजीचं सांगतो. १४ एप्रिल १९४४ ला व्हिक्टोरिया डॉकमध्ये ‘फोर्ट स्टिकिन’ जहाजाचा स्फोट झाला तेव्हा ती नऊ वर्षांची, मांडवीला चाळीत राहायची. त्या एकाच जहाजात कापसाच्या गासड्या, दारूगोळा आणि सोन्याच्या विटा. आकाशातून पेटता कापूस पडत होता, असं ती सांगायची. आणि म्हणायची, "दोनदा झालं. पहिल्यानंतर आई म्हणाली, काही नाही, चहा टाकते. दुसऱ्याला भिंतीवरची फळीच खाली आली."

घरचे तिला हसायचे. एकाच स्फोटाचे दोन करते म्हणून. ती गेल्यावर मी वाचलं. पहिला चारनंतर थोड्याच वेळात, दुसरा साधारण अर्ध्या तासाने. चहा टाकायला लागतो तेवढाच वेळ! युद्धकाळ होता, बातम्यांवर सेन्सॉर होता, त्यामुळे तेव्हा छापून येण्याआधी लोकांच्या तोंडीच ही हकिकत फिरली असणार. आजीचं एकही रेकॉर्डिंग नाही. आहे ते माझ्या आठवणीतलं आणि त्यात मी किती भर घातली, मलाच सांगता येणार नाही.

*

माजी सैनिक

मी सांगणाऱ्यांच्या बाजूचा. १९९९, ऑप विजय, म्हणजे कारगिल.

"किती मारले?" हे विचारू नका. लग्नात, एसटीत, कुठेही विचारतात. "भीती वाटली का?" हेही नको. विचारायचंच तर सोबत कोण होतं ते विचारा. माणूस तिथून सुरू होतो.

संध्याकाळी विचारू नका. संध्याकाळी बोललो की रात्र जाते. सकाळी विचारा, चहा झाल्यावर. गप्प बसलो तर गप्प बसू द्या. लगेच पाण्याचा ग्लास पुढे करू नका.

आणि काही गोष्टी मी रेकॉर्ड करू देणार नाही. माझ्या सेक्शनमधला एक जण कसा गेला, ते त्याच्या आईला ‘गोळी लागली, लगेच गेला’ असंच माहीत आहे. ती माउली अजून आहे. माझी मुलगी हे सगळं उतरवून घेते. तिला म्हटलंय, तेवढं पान कोरं ठेव.

*

मुलगी

वरचं वाचून थोडा वेळ काही लिहिता आलं नाही. माझं आपलं कागदांचं दुखणं आहे.

वडील १९६२ च्या चीन युद्धात नेफात, म्हणजे आजच्या अरुणाचलात होते. आईने त्यांची सगळी पत्रं लुगड्याच्या घडीत ठेवली होती. पत्ता नेहमी ‘द्वारा ५६ एपीओ’, फौजेच्या टपाल कार्यालयाचा, म्हणजे माणूस कुठे आहे ते कळायची सोय नाही. मजकूरही एकच, ‘मी इकडे खुशाल आहे, तुम्ही काळजी करू नये.’ ऑक्टोबर-नोव्हेंबरमधलं एकही पत्र नाही. त्या काळात आईने काय केलं, हे मी तिला कधी विचारलंच नाही. सगळ्यांनी वडिलांनाच विचारलं. तिच्या युद्धाची चौकशी कोणी केली नाही.

आणि मी शहाणीने काय केलं, तर ती पत्रं झेरॉक्सच्या दुकानात नेऊन लॅमिनेट करून आणली. उष्णतेने दोन पत्रांची शाई फिकी पडली, आणि प्लास्टिक आता काढायला गेलं तर कागदच फाटतो. कृपा करून लॅमिनेट करू नका. सेलोटेपही लावू नका, काही वर्षांत पिवळा पडतो आणि डाग कागदात उतरतो. आधी स्कॅन करा किंवा उजेडात नीट फोटो काढा. मग पत्रं उलगडून सपाट, आम्लमुक्त (अ‍ॅसिड-फ्री) कागदाच्या पाकिटात, कोरड्या जागी. फोटोंच्या मागे नावं लिहायची ती पेन्सिलीने, हलक्या हाताने. आणि लिहाच. आमच्याकडे अकरा जणांचा एक ग्रुप फोटो आहे. त्यातले वडील तेवढे ओळखता येतात.

*

पुतण्याचा मुलगा, कोल्हापूर

जे परतच आले नाहीत त्यांच्यासाठी एक वाट सांगतो. चुलत आजोबा इटलीत गेले, घरी फक्त तार आली होती. कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या साइटवर दोन्ही महायुद्धांत मृत्यू पावलेल्यांची यादी आहे. पहिल्यांदा काहीच सापडलं नाही, कारण आपली आडनावं साहेबाच्या कानाने लिहिलेली. शिंदेंचं सिंदे, पवारांचं पोवार. स्पेलिंग बदलत बदलत तिसऱ्या रात्री सापडले. दहन झाल्यामुळे थडगं नाही. सांग्रो नदीजवळच्या युद्ध दफनभूमीत दहन झालेल्या भारतीय सैनिकांचं स्मारक आहे, त्यावर नाव आहे. वडिलांनी त्या पानाची प्रिंट काढून देव्हाऱ्याशेजारी लावली.

रेकॉर्डिंगबद्दल इतकंच, की पंखा बंद करा. आमच्या आत्तेकाकांच्या दोन तासांत पंखाच जास्त ऐकू येतो. सुरुवातीला तारीख आणि नाव बोलून घ्या. मूळ फाइल काटछाट न करता ठेवा आणि दोन-तीन ठिकाणी ठेवा. आमची एक प्रत पेनड्राइव्हवर होती, तो धुण्यात गेला.

*

पहिल्या मजकुराचा लेखक

हे सगळं काल रात्री आत्याला फोनवर वाचून दाखवलं. तिचं वय ८१. ‘पाने’ची गोष्ट तिला मी आधी कधी सांगितलीच नव्हती, ती तेव्हा सासरी होती.

ती म्हणाली, "अरे, ते पूर्वीपासून म्हणायचे. आम्ही लहान असताना तापात बडबडायचे तेव्हासुद्धा. आणि हात असा धरायचे."

"असा म्हणजे कसा?"

"तळवा खाली करून. जमिनीपासून दोन-अडीच हात वर. लहान पोराची उंची दाखवतात ना, तसा."

म्हणजे पाव ते मागत नव्हते.

ते पुढे काय सांगायचे, असं विचारलं तर म्हणाली, "फोनवर नको, ये इकडे." रविवारी सकाळी जातोय. चहा झाल्यावर विचारेन. पंखा बंद करेन.