ह्यूम आधी वाचावा की पाद्र्यांची प्रवचनं?

दगडी जिना:
स्कॉटलंडच्या अठराव्या शतकातल्या प्रबोधनावर काही वाचायचंय म्हटलं की जो तो आर्थर हर्मनचं जाडजूड पुस्तक सुचवतो. स्कॉट लोकांनी आधुनिक जग कसं घडवलं, असा दावा थेट नावातच. पुस्तक रंगतदार आहे, मीही रात्री जागून संपवलंय. पण ते वाचलेल्या ज्याच्याशी बोलावं त्याच्या डोक्यात एकच चित्र: तिकडे एक काळंकुट्ट चर्च होतं, मग संशयवादी तत्त्वज्ञ डेव्हिड ह्यूम आणि अर्थशास्त्रज्ञ अ‍ॅडम स्मिथ आले आणि उजेड पडला.

मला वाटतं हा दिवा चर्चच्याच घरात लागला. रिचर्ड शेरचं १९८५ चं, एडिंबराच्या मवाळ पाद्र्यांवरचं पुस्तक आधी वाचा. 'मवाळ' हा शब्द मी चिकटवलेला नाही. तिकडच्या चर्चमध्ये तेव्हा खरंच मवाळ (उदार मताचे) आणि जहाल (कडक श्रद्धेचे) असे गट होते, आपल्या टिळक-गोखल्यांच्या दीडशे वर्षं आधी. विल्यम रॉबर्टसन पाद्री, इतिहासकार, १७६२ पासून एडिंबरा विद्यापीठाचा प्राचार्य आणि पुढच्याच वर्षी चर्चच्या महासभेचा अध्यक्ष. ह्यू ब्लेअर रविवारी सेंट जाइल्स चर्चमध्ये प्रवचन द्यायचा आणि विद्यापीठात साहित्यशास्त्र शिकवायचा. अ‍ॅडम फर्ग्युसन हायलँडर पलटणीचा पाद्री. १७५५-५६ मध्ये जहालांनी ह्यूमला चर्चबाहेर काढायचा घाट घातला, तो हाणून पाडला याच लोकांनी.

आणि वाचकांचं काय? पर्थशरमध्ये इनरपेफ्री नावाचं जुनं ग्रंथालय आहे, १६८० च्या सुमाराचं. तिथल्या वहीत १७४७ पासून कोण पुस्तक घेऊन गेलं त्याच्या नोंदी आहेत. नाव, गाव, धंदा. विणकर, शेतकरी, शाळामास्तर, घरगडी. नेलेल्या पुस्तकांत प्रवचनं आणि धर्मचर्चा भरपूर. ही माणसं वाचायला शिकली ती बायबल वाचता यावं म्हणून. दर पॅरिशला (एका चर्चच्या हद्दीला) शाळा हवी हा १६९६ चा कायदा त्याच हट्टातून आला.

खवचट खापरे:
हर्मन संपवलात म्हणता, मग सुरुवात विसरलात का? पुस्तक सुरूच होतं थॉमस एकनहेडपासून. १६९६ चा ऑगस्ट, एडिंबरात ट्रॉन चर्चजवळून चारदोन पोरं चाललीत, हवा गार. विशीतला हा विद्यार्थी म्हणतो, बायबलातला एझ्रा ज्याला नरक म्हणतो तिथे आत्ता असतो तर जरा ऊब तरी मिळाली असती. मित्रांनीच साक्ष दिली. ८ जानेवारी १६९७ ला, लीथच्या वाटेवर, ईश्वरनिंदेच्या गुन्ह्यासाठी फाशी. त्याच दिवसांत चर्चची महासभा भरली होती आणि राजाकडे मागत काय होती, तर अधर्माविरुद्धचे कायदे कडक राबवा! मायकल ग्रॅहमचं २००८ चं पुस्तक याच खटल्यावर आहे, ते वाचा. तुमचा शाळांचा कायदा आणि हा खटला एकाच वर्षातले. एका हाताने पाटी द्यायची आणि दुसऱ्या हाताने फास.

ह्यूमला चर्चने वाचवलं म्हणे. १७४५ मध्ये एडिंबराची प्राध्यापकी गेली, १७५२ मध्ये ग्लासगोची गेली. एडिंबराच्या वेळी विरोध करणाऱ्यांत ग्लासगोचा तत्त्वज्ञ फ्रान्सिस हचिसन होता, ज्याला सगळे उदार म्हणून डोक्यावर घेतात. शेवटी बिचाऱ्याला वकिलांच्या ग्रंथालयात ग्रंथपाल व्हावं लागलं.

दगडी जिना:
एकनहेड विसरलो नाही. १६९७ ला एका पोराच्या थट्टेला फाशी, आणि १७५६ ला त्याच शहरात ह्यूमला महासभेची साधी ताकीदही नाही. मधल्या साठ वर्षांत काय बदललं? ह्यूम तर चर्चमध्ये बदल करायला गेला नव्हता. बदल आतूनच झाला ना?

ग्रंथपालकीचं म्हणाल तर त्याने तिथल्या पुस्तकांवर इंग्लंडचा इतिहास लिहून काढला. प्राध्यापक झाला असता तर पेपर तपासत बसला असता. (हे अर्थातच चर्चचं श्रेय नाही.)

कोष्टी गल्ली:
तुम्ही दोघंही विद्यापीठाच्या ओसरीवरून खाली उतरायला तयार नाही. मवाळ म्हणजे कोण? गावाचा पाद्री गावाने नाही, जमीनदाराने नेमायचा, हा १७१२ चा कायदा मुकाट चालवून घेणारे. रॉबर्टसनने तर नको असलेला पाद्री गावांच्या माथी मारायला मदत केली. ज्या विणकरांचं कौतुक चाललंय त्यातले कितीतरी याच भांडणापायी फुटून वेगळ्या मंडळ्यांत गेले. शेवटी १८४३ मध्ये चारशेवर पाद्री घर, पगार सोडून बाहेर पडले आणि फ्री चर्च उभं राहिलं. प्रबोधनाच्या पुस्तकांत ही माणसं मागासलेली, कर्मठ म्हणून येतात.

आता आपल्याकडे बघा. मुंबईचे मिशनरी जॉन विल्सन १८४३ ला फ्री चर्चकडे गेले. नागपूरचे हिस्लॉप फ्री चर्चचेच. हे सगळे जहालांच्या गोटातले. जोतीराव फुले शिकले ते पुण्याच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेत. आणि मवाळ काय करत होते? १७९६ च्या महासभेत परदेशी मिशनांचा प्रस्ताव त्यांनी पाडला. तेव्हा यादीत शेरच्या आधी मार्गो टॉडचं २००२ चं पुस्तक घाला. पॅरिशच्या पंचायतींची जुनी दप्तरं चाळून लिहिलंय. चारचौघांत प्रायश्चित्ताच्या तिवईवर बसवायचे तेही त्यात आहे, आणि हीच मंडळी भांडणं मिटवायची, गोरगरिबांना पैसे वाटायची, तेही.

अर्धवट नोंद:
एक दुरुस्ती. १७९६ चं बरोबर आहे, पण १८२४ मध्ये भारतात मिशन काढायचा ठराव रेटणारे जॉन इंग्लिस मवाळांचेच पुढारी. एका पिढीत पक्ष फिरला.

कोष्टी गल्ली:
मान्य. पण फिरला तो जहालांची हवा वाढल्यावरच.

खवचट खापरे:
मिशनच्या शाळा कशासाठी होत्या तेही सांगा की. धर्मांतरासाठी. फुल्यांनी शाळा घेतली, धर्म त्यांच्या दारातच ठेवला. इनरपेफ्रीचा विणकरही तेच करत नसेल कशावरून? वहीत फक्त पुस्तक नेल्याची नोंद आहे, पटल्याची नाही.

दगडी जिना:
हे मात्र लागलं. मी ती वही पुरावा म्हणून नाचवत होतो. उत्तर नाही माझ्याकडे.

सायली ३:
भांडण वाचून शेर घ्यायला गेले तर किंमत बघून परत आले. पुण्यात कुणाकडे असेल तर महिनाभर द्याल का? बदल्यात हर्मन देते, पहिली चाळीस पानं पेन्सिलीने रंगवलेली आहेत.