मदत हवी आहे: स्पीडमास्टर घड्याळ हातात घालून पाहिलं, आता हेसालाइट काचेचं घेऊ की सफायर काचेचं? की थांबू?

नमस्कार मंडळी,

मी ठाण्याचा, घोडबंदर रोडला राहतो, ऑफिस फोर्टला, म्हणजे रोज लोकल. चावीचं एक चांगलं क्रोनोग्राफ, म्हणजे स्टॉपवॉच असलेलं घड्याळ, घ्यायचं बऱ्याच वर्षांपासून मनात आहे, तर गेल्या शनिवारी मुंबईतल्या एका शोरूममध्ये जाऊन ओमेगा स्पीडमास्टर प्रोफेशनल, तेच ते मूनवॉच, हातात घालून पाहिलं. तेव्हापासून दुसरं काही सुचत नाहीये. ज्यांच्याकडे आहे किंवा ज्यांनी घेऊन विकलं त्यांनी प्लीज लिहा.

माझं मनगट जेमतेम १६ सेंमी, त्यामुळे ४२ मिमी म्हटल्यावर हातावर ताटली बांधल्यासारखं दिसेल अशी भीती होती. तसं अजिबात झालं नाही, पट्टा जोडतात ते कान खाली वळलेले आहेत आणि काळ्या बेझलमुळे (काचेभोवतीच्या कडीमुळे) डायल लहान वाटते. जाडी मात्र जाणवते, फॉर्मल शर्टाच्या कफखाली सरळ जात नाही.

पण खरं सांगू का, मी अडकलो ते बटणांपाशी. वरचं बटण दाबलं की आधी थोडा विरोध लागतो आणि मग टक्, मधला लांब काटा निघतो, परत दाबलं की थांबतो, खालचं दाबलं की सगळे काटे एका झटक्यात शून्यावर. सफायरवाल्या मॉडेलची मागची बाजूही काचेची, त्यामुळे आतल्या पट्ट्या सरकताना दिसतात, सेल्समन बिचारा शांतपणे उभा होता आणि मी आपला चालू-बंद करतोय. चंद्राची गोष्ट सगळ्यांना माहीतच आहे, १९६९ ला चंद्रावर उतरलेल्या ऑल्ड्रिनच्या हातात स्पीडमास्टर होतं वगैरे, पण मला जास्त भिडते ती १९७० ची अपोलो १३ ची चंद्रमोहीम, यान बिघडलेलं असताना १४ सेकंदांसाठी इंजिन पेटवायचं होतं आणि ती वेळ याच घड्याळावर मोजली. म्हणजे क्रोनोग्राफ हा नुसता दागिना नाही, त्याच्या भरवशावर कुणीतरी आपला जीव सोपवलाय.

मी रविवारी सकाळी सोसायटीतल्या मुलांना पळायला नेतो, तिथे टायमिंग घेईन. फोनवर सेकंदाचा शंभरावा भाग मिळतो आणि यात काटा सेकंदाला सहाच टिचक्या मारतो हे मला कळतं, तरी मला हेच वापरायचंय.

आता अडचण. हेसालाइट म्हणजे प्लास्टिकची काच, चरे पटकन पडतात पण पॉलिशची पेस्ट घासली की जातात, आणि आपटली तर काचेसारखी फुटून तुकडे होत नाहीत. त्याची मागची बाजू बंद स्टीलची. सफायर म्हणजे कृत्रिम नीलमाची काच, तिला सहसा चरा जात नाही, मागून मशीन दिसतं, पण किंमत जास्त आणि डायलच्या कडेला एक दुधाळ रिंग दिसते, ती मला खटकली. हेसालाइटमधून डायल जास्त उबदार दिसते असं माझं मत. पण सकाळची ठाणे फास्ट, दरवाज्याचा दांडा, लोकांच्या बॅगांच्या चेन, यात महिन्याभरात काय अवस्था होईल? रोज लोकलने जाणाऱ्या कुणी हेसालाइट वापरलंय का?

दुसरं म्हणजे पाऊस. पाणीरोधक ५० मीटर लिहिलंय आणि चावीचं बटण स्क्रूवालं नाही. पोहायला नेणार नाही, पण जुलैमध्ये स्टेशन ते रिक्षा स्टँड भिजणं ठरलेलंच, तर तुम्ही पावसाळ्यात घालता की कपाटात ठेवता?

आणि सर्व्हिसिंग. क्रोनोग्राफ उघडायचं म्हणजे साध्या घड्याळापेक्षा खर्च जास्त, वॉरंटी ५ वर्षांची आहे पण त्यानंतर तुम्हाला खरा किती खर्च आला आणि घड्याळ किती आठवडे अडकून पडलं ते आकड्यात सांगा.

बायकोचं म्हणणं, आवडलंय तर घे, पण ईएमआयवर नको. मलाही पटतं, पैसे साठवलेत. सेकोचं सोलर स्पीडटाइमर यापेक्षा कितीतरी स्वस्त आहे आणि चावी द्यायची कटकट नाही, पण मला रोज सकाळी चावी द्यायचीच आहे. असं वाटणाऱ्यांना वर्षभरानंतरही तेवढंच वाटतं का, हे मुख्य विचारायचंय. पुढच्या शनिवारी परत जाणार आहे, त्याआधी उत्तरं मिळाली तर फार बरं होईल.