आर्थिक विकासाची जबाबदारी : महाराष्ट्रात कोणत्या मंत्र्याकडे?

बालाघाट (अंबाजोगाई) यांचा प्रश्न :

नमस्कार. मी कनिष्ठ महाविद्यालयात राज्यशास्त्र शिकवते. राज्य मंत्रिमंडळाचा पाठ घेताना विद्यार्थ्यांनी विचारले की, शेतीसाठी कृषिमंत्री आणि शाळांसाठी शिक्षणमंत्री असतो, तर राज्याच्या आर्थिक विकासाचा जाब कोणत्या मंत्र्याला विचारायचा? वित्त, नियोजन आणि उद्योग ही खाती मी सांगितली. परंतु या जबाबदारीचा सलग इतिहास, विशेषतः मराठवाड्याच्या बाजूने पाहिलेला, मला एका जागी सापडत नाही. जाणकारांनी कृपया मांडावा.

गोदातीर (नांदेड) :

बालाघाटताई, आपण सांगितलेली खाती बरोबरच आहेत. आर्थिक विकासाचे काम आपल्याकडे एका मंत्र्याच्या हाती कधी एकवटले नाही. ते वित्त व नियोजन, उद्योग आणि, मराठवाड्यापुरते बोलायचे तर, पाटबंधारे या खात्यांत विभागले गेले. मराठवाडा तेव्हा ज्यात होता त्या हैदराबाद राज्यात १९५२ च्या निवडणुकीनंतर आलेल्या बी. रामकृष्ण राव मंत्रिमंडळात वाणिज्य व उद्योग खाते विनायकराव विद्यालंकार यांच्याकडे होते. १९५६ मध्ये मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि १९६० नंतर महाराष्ट्राच्या उद्योग खात्याने आपली यंत्रणा उभी केली. १९६१ च्या कायद्याने १९६२ मध्ये औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले, १९६४ मध्ये मुंबई-पुण्याबाहेर जाणाऱ्या कारखान्यांसाठी सामूहिक प्रोत्साहन योजना आली, १९६६ मध्ये उद्योगांना कर्ज देणारी सरकारी वित्तसंस्था सिकॉम आणि १९६७ मध्ये मराठवाडा विकास महामंडळ निघाले. औरंगाबादजवळ चिकलठाणा आणि वाळूज येथे जे कारखाने उभे राहिले, त्यांची मुळे याच धोरणात आहेत.

तरीही, माझ्या मते, त्या काळात मराठवाड्याच्या अर्थकारणावर सर्वाधिक परिणाम उद्योगमंत्र्यांचा नव्हे, तर पाटबंधारे मंत्री शंकरराव चव्हाण यांचा झाला. पैठणच्या जायकवाडी धरणाची पायाभरणी १९६५ मध्ये लालबहादूर शास्त्री यांच्या हस्ते झाली आणि १९७६ मध्ये इंदिरा गांधी यांनी त्याचे उद्घाटन केले, तेव्हा शंकरराव मुख्यमंत्री होते. जेथे पाण्याशिवाय शेतीही नाही आणि कारखानाही नाही, तेथे हे खातेच विकासाचे खाते ठरते, ही गोष्ट विद्यार्थ्यांना अवश्य सांगावी. पुढे उद्योग खाते आपल्या भागातील नेत्यांकडेही आले : विलासराव देशमुख मुख्यमंत्री असताना ते नांदेडच्या अशोक चव्हाण यांच्याकडे होते आणि २००९ नंतर काही काळ औरंगाबादच्या राजेंद्र दर्डा यांच्याकडे.

दुधना (परभणी) :

गोदातीर यांनी मांडलेला क्रम योग्य आहे, परंतु यात एक महत्त्वाचा दुवा राहिला आहे. निधीचे प्रादेशिक वाटप, म्हणजे आर्थिक विकासाचा खरा गाभा, महाराष्ट्रात कागदोपत्री तरी मंत्र्यांकडून राज्यपालांकडे गेले.

संयुक्त मराठी राज्यासाठी विविध भागांतील नेत्यांनी केलेल्या १९५३ च्या नागपूर कराराने मराठवाड्याच्या मागासलेपणाकडे विशेष लक्ष देण्याचे वचन दिले होते. १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद ३७१ (२) मध्ये विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्र यांसाठी स्वतंत्र विकास मंडळांची आणि निधीच्या समन्यायी वाटपाबाबत राज्यपालांच्या विशेष जबाबदारीची तरतूद केली. प्रत्यक्षात काहीच होईना, म्हणून १९८३ मध्ये अर्थतज्ज्ञ वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखाली सत्यशोधन समिती नेमली गेली. रस्ते, सिंचन, शिक्षण अशा प्रत्येक क्षेत्रात राज्याच्या सरासरीपेक्षा कोणता जिल्हा किती मागे आहे, हे समितीने काढले. ही तूट, म्हणजे अनुशेष, एकूण ३,१८६.७८ कोटी रुपये आणि त्यात मराठवाड्याचा ७५०.८५ कोटी निघाला. स्वातंत्र्यसैनिक गोविंदभाई श्रॉफ आणि मराठवाडा जनता विकास परिषदेने हा प्रश्न वर्षानुवर्षे लावून धरला, तेव्हा कुठे १९९४ मध्ये वैधानिक विकास मंडळे अस्तित्वात आली. निर्देशांक व अनुशेष समितीने १९९४ चा अनुशेष १४,००६.७७ कोटी ठरवला आणि त्यात मराठवाड्याचे ४,००४.५५ कोटी होते. किमती आणि निकष बदलल्यामुळे दोन्ही रकमांची थेट तुलना करता येत नाही, पण मराठवाड्याचा हिस्सा सुमारे साडेतेवीस टक्क्यांवरून साडेअठ्ठावीस टक्क्यांवर गेला, हे मला अतिशय गंभीर वाटते.

ताई, आपल्या विद्यार्थ्यांचा 'जाब कोणाला विचारायचा' हा प्रश्न येथेच येऊन थांबतो. मंत्र्याला आमदार सभागृहात उभे करू शकतात, राज्यपालांना करू शकत नाहीत. आणि राज्यपालांनी निदेश दिले तरी ते अमलात आणायचे ते वित्त, नियोजन आणि जलसंपदा याच खात्यांनी. समन्यायी वाटपाची जबाबदारी एकीकडे आणि तिजोरीच्या किल्ल्या दुसरीकडे, अशा रचनेमुळे मराठवाड्याचे नुकसान झाले, असे माझे स्पष्ट मत आहे.

बालाघाट (अंबाजोगाई) :

दोघांचेही मनःपूर्वक आभार. जिल्ह्याच्या पातळीवर हे काम कोणाकडे असते, आणि विकास मंडळाची सध्याची स्थिती काय आहे, एवढे कळले तर पाठ पूर्ण होईल.

गोदातीर (नांदेड) :

जिल्ह्यात ते पालकमंत्र्यांकडे असते. जिल्हा नियोजन समितीसाठी १९९८ चा स्वतंत्र कायदा आहे, पालकमंत्री तिचे अध्यक्ष असतात आणि जिल्हा वार्षिक योजनेचा आराखडा तिच्यातून पुढे जातो. पालकमंत्री पुष्कळदा जिल्ह्याबाहेरचे असतात. सुभाष देसाई उद्योगमंत्री असताना मुंबईचे असूनही औरंगाबादचे पालकमंत्री होते. औरंगाबादजवळची शेंद्रा-बिडकीन औद्योगिक नगरी त्यांच्याच खात्याशी निगडित असल्याने त्या नेमणुकीला अर्थ होता, पण प्रत्येक जिल्ह्याच्या वाट्याला असा योग येत नाही.

विकास मंडळांची मुदत ३० एप्रिल २०२० रोजी संपली आणि ती वाढवली गेली नाही. ती पुन्हा स्थापन करण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२२ मध्ये घेतला; मात्र त्यासाठी राष्ट्रपतींचा आदेश लागतो, त्यामुळे केवळ मंत्रिमंडळाच्या ठरावाने मंडळ उभे राहत नाही, हे वर्गात स्वतंत्रपणे समजावून सांगावे.