ऑक्टोबरातलं कच्छ: रण नसेल, अजरखपूर आहे

बरेच जण सल्ला देतात की ऑक्टोबरात कच्छला जाऊ नका, रणात पाणी असतं, पांढरं मीठ दिसत नाही. रणापुरतं ते बरोबर आहे. पण म्हणून बेत रद्द करू नका! आम्ही पुण्याहून दसरा झाल्यावर गेलो आणि भुजजवळच्या अजरखपूरमध्येच रमलो. अजरख म्हणजे लाकडी ठशांनी केलेली कापडावरची छपाई, आणि हे गाव त्याच कारागिरांचं. पावसाळ्यात कापड वाळत नाही. शरदातलं कोरडं ऊन आलं की अंगणभर ठसे मारलेलं कापड पसरलेलं असतं.

ही छपाई करणारी खत्री मंडळी मूळची कच्छमधल्याच धमडका गावची. 2001 च्या भूकंपानंतर तिथलं पाणी खोल गेलं, त्यात लोह वाढलं. लोहाने रंग बिघडतात, म्हणून त्यांच्यातले कारागीर डॉ. इस्माईल खत्री आणि इतरांनी अजरखपूर हे नवं गाव वसवलं. पाण्यासाठी गाव हलवणारे कारागीर, मला तर भरून आलं.

आणि गंमत बघा, काळा रंग लोखंडाचाच! गंजलेलं लोखंड आणि गूळ पाण्यात कित्येक दिवस आंबवतात, चिंचोक्याच्या पिठाने दाट करतात. पिंपाजवळ उभं राहिलं की आंबूस वास नाकात बसतो. हिरड्यात भिजवलेल्या पिवळसर कापडावर ठसा पडला की रेघ डोळ्यांदेखत काळी होते.

एक दिवस भुजजवळच्याच भुजोडी गावातल्या वणकरांसाठी, म्हणजे विणकरांसाठीही ठेवा. रबारी मेंढपाळांची लोकर आणि यांचे माग, हे नातं पिढ्यान्‌पिढ्यांचं. दुपारी मात्र ऊन आपल्या ऑक्टोबर हीटपेक्षा कडक असतं, तेव्हा सकाळीच निघा.