मदत हवी आहे: गाड्या विकण्यासाठी एखादी गोष्ट ठरवून 'व्हायरल' करता येते का?

धागाकर्ता, फोंडा

नमस्कार. गोव्यात फोंड्याजवळ कुर्टी येथे आमचा जुन्या चारचाकी गाड्यांच्या खरेदी-विक्रीचा व्यवसाय आहे. वडिलांनी सुरू केलेला हा व्यवसाय आता थोरला भाऊ आणि मी सांभाळतो. वर्षातली जवळजवळ निम्मी विक्री चवथ (गणेश चतुर्थी) ते दिवाळी या दिवसांत होते. आजवर आमची जाहिरात म्हणजे दारावरचा फलक, वर्तमानपत्रातला छोटासा चौकोन आणि जुन्या गिऱ्हाइकाने ओळखीने आणलेले नवे गिऱ्हाईक, एवढीच होती. आता पणजीतील एका जाहिरात संस्थेने 75,000 रुपयांचा प्रस्ताव दिला आहे. त्यात तीन व्हिडिओ आहेत आणि त्यांतला किमान एक 'व्हायरल' होईल, म्हणजे दहा लाखांहून अधिक वेळा पाहिला जाईल, अशी लेखी हमी आहे. भाऊ सही करायला तयार आहे, पण माझे मन घेत नाही.

मन न घेण्याचे कारण आमच्याच अंगणात घडलेले आहे. मागच्या चवथीला सावईवेरेच्या एका गृहस्थांनी आमच्याकडून जुनी ओम्नी घेतली, त्याच दिवशी बाजारातून माटोळीचे, म्हणजे गणपतीच्या वर फळा-पानांनी सजवतात त्या चौकटीचे, सामान भरले, आणि कागदांवर एक सही राहिली म्हणून परत आले. सरकता दरवाजा उघडला तेव्हा आत सुपारीचे कातरे, आंबाड्यांचे घोस, चिबूड आणि लालभडक कवंडळे खच्चून भरलेली होती, आणि या सगळ्याच्या मधोमध त्यांच्या मातोश्री मांडीवर नवा कोरा पाट धरून, जणू हे रोजचेच आहे अशा चेहऱ्याने बसलेल्या होत्या. त्यांना विचारून पुतण्याने वीस सेकंदांचा व्हिडिओ काढला आणि टाकला. चार दिवसांत तो चार लाखांहून अधिक वेळा पाहिला गेला आणि आम्हाला दीडशेच्या आसपास फोन आले. बहुतेकांना ते लाल फळ कोणते आणि कुठे मिळते, एवढेच हवे होते. गाडीची चौकशी करणारे नऊ-दहा जण निघाले, तेही कोल्हापूर, बेळगाव आणि नागपूरकडचे. जीए, म्हणजे गोव्याच्या, क्रमांकाची गाडी कायमची राज्याबाहेर न्यायची तर वाहतूक खात्याचा ना-हरकत दाखला, तिकडची नव्याने नोंदणी आणि तिकडचा रस्ता कर हे सगळे आले, असे सांगितल्यावर त्यांनी नम्रपणे फोन ठेवले. त्या व्हिडिओवर आमची एकही गाडी विकली गेली नाही.

त्यानंतर मी थोडे वाचन केले, आणि त्यातून गोंधळ वाढलाच. ठरवून केलेले यश दिसते: 2013 मध्ये व्होल्वो ट्रक्सने रिव्हर्समध्ये शेजारी-शेजारी चालणाऱ्या दोन ट्रकांच्या आरशांवर पाय ठेवून ताणत जाणारा अभिनेता दाखवला, आणि स्टिअरिंगच्या स्थिरतेसारखा रुक्ष विषय जगभर पाहिला गेला. ठरवून केलेली फजितीही दिसते: 2006 मध्ये शेव्हरोलेने अमेरिकेत आपल्या टाहो या मोठ्या गाडीची जाहिरात लोकांनाच संकेतस्थळावर तयार करू दिली, तर अनेकांनी तीच चित्रे वापरून गाडीच्या पेट्रोल पिण्यावर आणि तापमानवाढीवर टीका करणाऱ्या जाहिराती बनवल्या. न ठरवता झालेलेही आहे: सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रे गावच्या एका कारागिराने भंगारातून किक मारून सुरू होणारी छोटी जीप बनवली, 2021 च्या डिसेंबरात आनंद महिंद्र यांनी तिचा व्हिडिओ पुढे पाठवला आणि नंतर तिच्या बदल्यात त्या कुटुंबाला बोलेरो दिली. त्या बोलेरोची जेवढी चर्चा झाली तेवढी पैसे देऊन झाली असती का, हे मला सांगता येत नाही.

नॅनोने तर मला सर्वाधिक विचारात पाडले. 10 जानेवारी 2008 रोजी ती दिल्लीत दाखवली गेली तेव्हा 'एक लाखाची गाडी' हे शब्द जाहिरातीविना घरोघरी पोहोचले होते. पण दारात उभी केलेली गाडी चारचौघांना दिसावी म्हणून घेणाऱ्या आपल्या समाजाला 'सर्वांत स्वस्त' हे बिरुद नको होते, आणि ते बिरुद चिकटणे ही चूक होती असे रतन टाटा यांनीही पुढे म्हटले. म्हणजे बोलबाला होऊनही माल उठला नाही.

तेव्हा विचारायचे आहे ते असे की, अशी हमी कोणी प्रामाणिकपणे देऊ शकते का, आणि दिलीच तर आमच्यासारख्या तालुक्यापुरत्या विक्रेत्याला तिचा उपयोग काय? संस्थेने सुचवलेल्या कल्पनांपैकी एकीत गिऱ्हाईक आणि विक्रेता यांचे खोटे भांडण खरे म्हणून दाखवायचे आहे, तर दुसरीत जीप मोरजीच्या वाळूत घालायची आहे. दुसरी मी तिथेच नाकारली, कारण किनाऱ्यावर गाडी घातल्याबद्दल पर्यटकांवर गुन्हे नोंदवल्याच्या बातम्या आपण दर मोसमात वाचतो.

प्रतिसाद, म्हापसा

मी बारा वर्षे जाहिरात क्षेत्रात आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. 'व्हायरल' हा शब्द साथीच्या रोगांवरून आला आहे आणि हिशेबही तोच आहे. एका प्रेक्षकामागे सरासरी एकाहून अधिक नवे प्रेक्षक मिळाले तर गोष्ट पसरत जाते, आणि कमी मिळाले तर विझते. समजा तुम्ही 1,000 लोकांना दाखवले आणि दर दहा जणांमागे सहा नवे आले, तर 600, मग 360, असे करत एकूण सुमारे 2,500 वर गाडे थांबेल. हे अपयश नाही, कारण खर्च हजार जणांना दाखवण्याचा आणि पोहोच अडीच पट आहे. डंकन वॉट्स आणि जोना पेरेटी या अभ्यासकांनी 2007 मध्ये हेच मांडले होते, की साथ पसरेल या आशेवर बसू नये, सुरुवातीचे बीज मोठे टाकावे आणि वर मिळेल ते पदरात पाडून घ्यावे.

शक्यता वाढवता येते, हेही खरे. बर्जर आणि मिल्कमन या संशोधकांनी न्यूयॉर्क टाइम्सच्या सुमारे 7,000 लेखांचा अभ्यास 2012 मध्ये प्रसिद्ध केला. त्यात विस्मय, संताप किंवा धास्ती निर्माण करणारे लेख अधिक पाठवले गेले होते, तर उदास करणारे कमी. तुमच्या ओम्नीत विस्मय होता, पण तो कवंडळांचा होता, गाडीचा नव्हता! फोर्डने 2009 मध्ये अमेरिकेत 100 जणांना युरोपातली फिएस्टा सहा महिने वापरायला दिली आणि दरमहा एक कामगिरी देऊन अनुभव लोकांपुढे मांडायला लावले. गाडी तिथे विक्रीला 2010 मध्ये आली. तिथे प्रत्येक गोष्टीच्या मध्यभागी गाडीच होती.

हमीबद्दल स्पष्ट बोलतो. दहा लाखांचा आकडा गाठून देणे अवघड नाही, कारण तो विकत मिळतो: व्हिडिओ टाकतो त्या समाजमाध्यमाला पैसे भरून किंवा त्याहून वाईट मार्गाने. 2011 च्या जनगणनेत अख्ख्या गोव्याची लोकसंख्या 14.58 लाख होती, यावरून त्या आकड्यात तुमची गिऱ्हाइके किती असतील ते पाहा. करारात प्रेक्षक गोव्यातले असावेत, किती जणांनी शेवटपर्यंत पाहिले ते कळावे आणि समाजमाध्यमावरील खात्याची आकडेवारी तुम्हाला स्वतः उघडून पाहता यावी, ही कलमे घालायला सांगा.

प्रतिसाद, मडगाव

खोट्या भांडणाची कल्पनाही नाकारावी. मोबदला घेऊन केलेल्या मजकुरावर तो जाहिरात असल्याचे स्पष्ट लिहावे, असे भारतीय जाहिरात मानक परिषदेचे 2021 चे मार्गदर्शन आहे. शिवाय 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला 10 लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. जुनी गाडी घेणारा आधीच संशयी असतो; मीटर मागे फिरवला असेल का, हेच त्याच्या डोक्यात असते. भांडण खोटे होते हे त्याला कळले, की तुमचा मीटरही तो खोटाच धरील.

धागाकर्ता, फोंडा

दोघांचेही मनःपूर्वक आभार. सुचवलेली कलमे संस्थेला पाठवली. गोव्यापुरत्या आकड्याची हमी देता येणार नाही, दर मात्र तोच राहील, असे उत्तर आले. ते वाचून भावानेच कागद सही न करता परत केला.

त्याऐवजी एक गाडी गावातल्या उत्सवी नाटकाच्या मंडळाला तालमींच्या दिवसांत वापरायला द्यावी आणि जुन्या गिऱ्हाइकाने नवे आणले तर त्याला काही द्यावे, असे घाटत आहे. मतभेद एवढाच उरला आहे की ते रोख द्यावे की एक सर्व्हिसिंग मोफत करून द्यावी. रोख घेतली की माणूस दलाल ठरतो आणि त्याच्या शब्दाचे वजन जाते, असे भावाचे म्हणणे आहे. मला वाटते की सर्व्हिसिंग घ्यायला कोणी काणकोणहून इथवर येणार नाही. कोणी दोन्ही करून पाहिले असल्यास कृपया कळवावे.